हक्कसोड

खालापूर, १७ नोव्हेंबर २०२४

सोनाली,

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आशीर्वाद आहेतच. ते भांडणाच्या आधीपासूनचे आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही.

पहिली गोष्ट. तू बाप्तिस्मा घेतलास म्हणून मी चिडलो, असं तू सगळ्यांना सांगतेस. ते खोटं आहे. नीलेश ख्रिस्ती आहे हे मला लग्नाआधी माहीत होतं. श्रीरामपूरला रजिस्टर लग्नात साक्षीदार म्हणून मी सही केली, त्याच्या आईच्या हातचं जेवलो आणि दोनदा वाढून घेतलं. मी चिडलो तो 'तारण' या शब्दावरून. तू आईला फोनवर म्हणालीस, आई, माझं तारण झालं, आता तुझं व्हायला पाहिजे. आईने ते मला जसंच्या तसं सांगितलं. मी तीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टपरी टाकून दस्त लिहितोय. माझ्या लेखी तारण म्हणजे एकच, वस्तू गहाण टाकून कर्ज उचलणं. मला वाटलं, जावयाने तुझे दागिने ठेवले आणि आता त्याचा डोळा आईच्या नावावर असलेल्या लोधिवलीच्या जमिनीवर आहे. मग मी नीलेशला फोन लावून जे बोललो ते बोललो.

तो म्हणाला, बाबा, तारण आत्म्याचं असतं. मी विचारलं, आत्मा कुठल्या बँकेत ठेवलास? मला खरंच कळलं नव्हतं. कर्जतच्या बाजारात जा, ज्या त्या सोनाराच्या दुकानावर 'सोने तारण' अशी पाटी आहे. तुमच्या लोकांना दुसरा शब्द सापडला नाही, यात माझा काय दोष? तू मात्र फोन हिसकावून घेतलास आणि दीड वर्षं झाली, तुझा आवाज मी ऐकतो तो स्वयंपाकघराच्या दाराआडून, आईच्या मोबाइलमधला.

दुसरी गोष्ट, आणि पत्र त्यासाठीच आहे. तुझी आई दर रविवारी बहिणीकडे म्हणून लोधिवलीला जायची. परवा जलालभाईंनी मला सांगितलं. जलालभाई म्हणजे माझ्या टपरीला लागून ज्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे ते, तू विसरली नसशील. त्यांनी आईला चौकला पाहिलं, धोंडीच्या टेंपोत, पाच-सात बायकांबरोबर, गाणी म्हणताना. धोंडी आठवडाभर विटा वाहतो आणि रविवारी आपल्या पडवीत प्रार्थना घेतो. लोक त्याला पास्टर म्हणतात.

मी आईला विचारलं. तिने नाकारलं नाही. म्हणाली, फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेणार आहे. मी कारण विचारलं, तर तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "सोनाली सांगते, विश्वास ठेवला तर मेल्यावर तिच्याजवळ ऱ्हाता येतं. जित्तेपणी तर तुमी ऱ्हाऊ दिलं नाय."

आता मी तुला विचारतो. मी बाप्तिस्मा घेणाऱ्यांतला नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा मेल्यावर तुम्ही दोघी एकीकडे आणि मी दुसरीकडे, असंच तुमचं म्हणणं आहे का? मला भीती वगैरे वाटत नाही. अडतीस वर्षांच्या संसाराची वाटणी व्हायची असेल तर नोटीस मिळावी, एवढंच. हो की नाही, एका शब्दात लिही.

तुझा बाप,
जगदीश


खालापूर, ८ डिसेंबर २०२४

सोनाली,

एक शब्द मागितला होता, तोही आला नाही. तेव्हा मीच शोधायला बसलो. नीलेशच्या आईने लग्नात दिलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे तुमचं बायबल, कपाटात साड्यांच्या खोक्याखाली होतं. ते टपरीवर आणलं. दुपारी कार्यालयाचा सर्व्हर बंद पडला की पक्षकार झाडाखाली झोपतात आणि मी वाचतो. सर्व्हर रोजच बंद पडतो, त्यामुळे वाचन बरंच झालंय.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मजा वाटली. मला वाटलं होतं देवदूत आणि ढग असतील. निघालं आमच्याच धंद्याचं. नाव बघ, नवा करार. आत मध्यस्थ आहे, जामीन आहे, वारस आहेत, वतन आहे, साक्षीदार तर पानोपानी. एके ठिकाणी चक्क विसार आहे, खरेदीखताआधी आपण देतो तोच विसार. मी जलालभाईंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जगदीश, पोरीनं तुला बरोबर कामाला लावलं रं."

मग अडलो. येशूने पुष्कळांसाठी आपला जीव दिला तो काय म्हणून दिला? खंडणी म्हणून. खंडणी हा शब्द आहे तिथे, मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. आपल्याकडे खंडणी कोण मागतं ते तुला ठाऊक आहे. हायवेलगत जमीन विकली गेली की बुलेटवरून चार जण येतात, ते. मग ही खंडणी मागितली कोणी? सैतानाने मागितली म्हणावं, तर देवाने ती देऊन गुंडाचा हक्क मान्य केला. देवानेच मागितली म्हणावं, तर बापाने पोराकडून वसुली केली, आणि कशाची, तर आमच्या चुकांची. माझ्या टपरीवर गुंठाभर जमिनीचा दस्त झाला तरी लिहून देणाऱ्यासमोर लिहून घेणाऱ्याचं नाव लागतं. मोबदला पोचला, तक्रार नाही, असं त्याने कबूल केल्याशिवाय साहेब कागदाला हात लावत नाहीत. इथे एवढा मोठा व्यवहार, त्याचा दोन हजार वर्षं गाजावाजा, आणि घेणाऱ्याचा रकाना कोरा.

हे घेऊन मी लोधिवलीला धोंडीकडे गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. आधी म्हणाला, सैतानाला दिली. मी म्हटलं, मग सैतान सावकार ठरतो. तेव्हा म्हणाला, नाय, नाय, देवाला. मी म्हटलं, मग देवाने या खिशातून काढून त्या खिशात घातलं. धोंडी डोकं खाजवत म्हणाला, पनवेलला मोठे पास्टर आहेत, त्यांना विचारून सांगतो. आठ दिवसांनी पनवेलचं उत्तर आलं. ते गूढ आहे.

गूढ! माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी सांगितलं की तुझ्या जमिनीचा मोबदला कोणाला गेला ते गूढ आहे, तर तो मला टपरीसकट उचलून नेईल.

आणि आदामाचं काय? फळ खाल्लं त्याने आणि बोजा चढला साऱ्या वंशाच्या सातबारावर. वारसाला बापाची मिळकत जेवढी आली तेवढ्यापुरतंच कर्ज लागू होतं, जास्त नाही. हे कोर्टातला शिपाईसुद्धा सांगेल. मला आदामाकडून आलं काय? ही गुडघेदुखी?

त्रिमूर्तीसारखं तुमचं ते त्रैक्य मात्र मला पटकन कळलं. सामाईक खातं, नावं तीन, हिस्से पाडलेले नाहीत. यावर तुमचे विद्वान इतकं का भांडले, कोण जाणे.

आई आता पीठ मळताना तुमची गाणी गुणगुणते. चाल तुझ्यासारखीच धरते, मधेच श्वास घेऊन. मला तुझी आठवण येते आणि मग मला त्याचाच राग येतो. उत्तर लिही.

जगदीश


खालापूर, २ जानेवारी २०२५

सोनाली,

तुझं पत्र मिळालं. दीड पान. अक्षर अजून तसंच आहे, 'र'चा 'स' होतो.

तू लिहितेस की तारण हे बक्षीस आहे, ते कमवावं लागत नाही, फक्त स्वीकारावं लागतं. आणि तू माझ्यासाठी रोज प्रार्थना करतेस. म्हणजे माझ्याबद्दल देवाशी रोज बोलतेस आणि माझा नंबर ब्लॉक. त्याला सांगतेस ते मला का सांगत नाहीस, मी त्याच्यापेक्षा जवळ राहतो.

आता बक्षिसाचं. बक्षीसपत्र मला शिकवू नकोस. देणाऱ्याने दिलं आणि घेणाऱ्याने स्वीकारायच्या आधीच डोळे मिटले, तर बक्षीस रद्द. कायदा सरळ आहे. मग माझी आई, तुझी आजी सुंदरा, तिचं काय? ती गेली तेव्हा तुझ्या येशूचं नाव या घरात कोणी घेतलेलं नव्हतं. तिने नाकारलं नाही गं. तिला कोणी दिलंच नव्हतं. ज्या बाईच्या दारातून भिकारी कधी रिकामा गेला नाही, ती बाहेर, आणि येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेला, मरताना घाबरून हो म्हणणारा चोर आत? तू लिहितेस, देव न्यायी आहे, त्याच्यावर सोपवा. हे पनवेलचंच उत्तर झालं, फक्त श्रीरामपूरमार्गे आलेलं.

माझा राग कशाचा आहे ते नीट समजून घे. तुमचा देव नाही म्हणाला असता तर मी हात जोडून घरी आलो असतो. तो हो म्हणतो, सगळ्यांना या म्हणतो, आणि मग दारात त्याची माणसं उभी राहून नावं तपासतात.

पण हे पत्र त्यासाठी नाही. परवा एक गोष्ट झाली.

शास्त्रात मला एक जागा सापडली. कोणीतरी येशूला विचारतं की एका बाईला एकापाठोपाठ सात नवरे झाले, तर पुनरुत्थानात ती कोणाची बायको? प्रश्न माझ्यासारख्याच कोणीतरी विचारलेला दिसतो. येशू सांगतो, तिथे लग्नं नसतात. मी खूश झालो. रात्री जेवताना आईला ते मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, तिकडे कोणी कोणाची बायको नाही. मी आलो काय आणि नाही काय, तुला फरक पडणार नाही. मग एवढा खटाटोप कशाला?

मला वाटलं होतं वाद संपला. आईने घास ताटात परत ठेवला. म्हणाली, "नवरा नाय तर नाय. पन मंग तिकडं मी सोनालीची आई तरी असंन का?"

मी पान उलटून पाहिलं. पुढे मागे पाहिलं. त्याबद्दल काही नाही. ती म्हणाली, बगा ना, कुटंतरी लिवलं आसंल. मी ते मिटवून ठेवलं आणि उद्या शोधतो म्हणालो. ती जेवली नाही. त्यानंतर तिचं गुणगुणणं बंद झालंय. पीठ मळते आणि भिंतीकडे पाहते.

मी माझा प्रश्न मागे घेतो. खंडणी, बोजा, सगळं मागे. ती तिकडे तुझी आई असेल की नाही, एवढंच सांग, आणि मला नको, तिला सांग. फोनवर सांग. आणि कृपा करून गूढ आहे म्हणू नकोस.

जगदीश


खालापूर, २० जानेवारी २०२५

सोनाली,

तू आईला फोन केलास. मी दाराआड होतो. तू तिला म्हणालीस की तिकडे इथल्यापेक्षा काही कमी नसेल, असेल तर जास्तच असेल, आणि 'तू माझी आईच असशील, आईहून जास्त असशील.' आईहून जास्त म्हणजे काय ते मला कळलं नाही. तुलाही कळलंय असं मला वाटत नाही, तुझा आवाज अडखळला. पण मी दारातून पुढे आलो नाही. फोन ठेवल्यावर आईने चहा टाकला आणि त्यात दोनदा साखर घातली. काल पुन्हा गायला लागली.

मी आता विरोध करत नाही. तुला आश्चर्य वाटेल, मी स्वतः प्रयत्न करून पाहिला. गेल्या दोन रविवारी धोंडीच्या पडवीत जाऊन बसलो. जलालभाईंना सांगितलं तर म्हणाले, आमच्यात तर ज्याचं ओझं त्यानंच उचलायचं, दुसऱ्यानं उचलायची बातच नाय, तू आमच्याकडं ये, हिशोब सोपा हाय. मी म्हटलं, मला हिशोब सोपा करायचा नाही, बायको जिथे जाते तिथे जायचंय.

बाकीचे डोळे मिटून प्रार्थना करत होते. मीही मिटले. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे. काही झालं नाही. धोंडी रडत होता, बायका रडत होत्या, शेजारचा एक बाप्या हात वर करून हसत होता, आणि मला आठवत होतं की कर्जतच्या पार्टीचा दस्त सोमवारी आहे आणि त्यांच्या साक्षीदाराचं आधार कार्ड आलेलं नाही. मी मनाला ओढून परत आणलं. पुन्हा गेलं. शेवटी मी म्हणालो, तू असशील तर निदान हे आधार कार्ड माझ्या डोक्यातून काढ. तेही निघालं नाही.

मग प्रार्थना संपल्यावर मी धोंडीला बाजूला घेऊन विचारलं, विश्वास न बसता माणूस बाप्तिस्म्यासाठी नदीत उतरला तर चालतं का? तो म्हणाला, "दादा, अंगाला पानी लागंल. बाकी काय नाय होनार."

मला हेच उत्तर हवं होतं आणि हेच नको होतं. तीस वर्षांत मी एक बोगस दस्त केलेला नाही. लोकांनी पाकिटं पुढे केली, धमक्या दिल्या, नाही केला. आता देवासमोर खोटी सही करायची, तीही त्याला आधीच माहीत असताना? आणि विश्वास हे काय प्रकरण आहे? तो मनात आणता येत नाही. तुमचेच लोक म्हणतात, तोही त्यानेच द्यायचा असतो. म्हणजे बक्षीस त्याचं, आणि ते घेण्यासाठी जो हात पुढे करायचा तोही त्यानेच द्यायचा. मग मला दिला नाही तर जबाबदार कोण? इथे मी पुस्तक मिटलं. डोकं दुखतं.

आईचा बाप्तिस्मा ९ फेब्रुवारीला पाताळगंगेवर आहे. मीच तिला घेऊन जाईन. तुला हॉस्पिटलातून रजा मिळत नाही असं तू तिला सांगितलंस. ती ते खरं मानते. मी असणार म्हणून तू येत नाहीस, एवढं मला कळतं. ठीक आहे.

जगदीश


खालापूर, ९ फेब्रुवारी २०२५

सोनाली,

हे लगेच लिहायला बसलोय, उद्या सकाळी स्पीड पोस्टने टाकतो. आईने तुला फोनवर 'पुढं ढकललं' असं सांगितलं. तसं झालेलं नाही.

सकाळी रिक्षा करून तिला नेलं. कोरडी साडी आणि टॉवेल मीच पिशवीत भरला. खोपोलीच्या वीजघराचं पाणी सुटलं की नदी चढते, म्हणून धोंडीने सकाळची वेळ धरली होती. काठावर दहा-बारा माणसं होती. मी धोंडीला म्हणालो, स्वर्गात जायचं आणि नदी निवडली ती पाताळगंगा. तो हसला नाही, त्याचंही मन थाऱ्यावर नव्हतं.

आधी ठाकुरवाडीकडचे एक नवराबायको झाले. दोघं बरोबर उतरले, बरोबर बुडाले, बरोबर वर आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई त्यांच्याकडे बघत होती ते मी पाहिलं. मग तिचा नंबर आला. पदर खोचून ती आत गेली. पाणी गुडघ्याच्या वर आलं. धोंडीने तिच्या पाठीला हात लावला आणि विचारलं, येशूवर विश्वास आहे का? ती हो म्हणाली. मोठ्याने म्हणाली. हे तू लक्षात ठेव, तिच्या विश्वासात खोट नव्हती.

मग तिने काठाकडे पाहिलं. मी टॉवेल घेऊन उभा होतो. तिने धोंडीला विचारलं, "पास्टर, हे येतील का तिकडं?"

"वयनी, त्यांनी विश्वास ठेवला तर येतील."

"आन् नाय ठेवला तर?"

मला वाटलं, आता तो गूढ आहे म्हणेल. खरं सांगतो, त्या वेळी त्याने ते म्हणावं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. पण तो म्हणाला, "मला जे शिकवलंय त्यात नाय येत. तुमाला पान्यात उभं करून खोटं कसं सांगू?"

"मंग ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "हे झोपंत दचकून उठतात. माजा हात लागला नाय तर परत झोपत नाय. तिकडं कोन हाय ह्यांना?"

बारा माणसांसमोर म्हणाली. तुलाही हे माहीत नव्हतं, मला माहीत आहे. माझे वडील गेले तेव्हापासून आहे ते. अडतीस वर्षांत तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

ती बाहेर आली. मी काठावरच चिडलो. म्हणालो, लोक थांबलेत, पास्टर पाण्यात उभा आहे, आधी परत जा. ती टॉवेलने पाय पुसत म्हणाली, वरडू नका, शेवाळ हाय, पाय घसरंल. धोंडी तसाच पाण्यात उभा होता. तो बिचारा रडत होता. मी त्याच्यावरही ओरडलो.

घरी येऊन तिने कोरडी साडी घडी मोडली नव्हती म्हणून तशीच कपाटात ठेवली आणि कांदा चिरायला घेतला.

सोनाली, बहिणींनी भावांना लिहून दिलेली हक्कसोडपत्रं मी शेकड्यांनी लिहिली आहेत. मजकूर पाठ आहे. राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय, बिनमोबदला. बहीण अंगठा लावते आणि भाऊ मान खाली घालून उभा असतो. मला वाटायचं, लाजेने. आज माझ्यावर ती वेळ आली तेव्हा मला लाज नाही वाटली, संताप आला. मी मागितलं होतं का? मला कोणी विचारलं का? तुझ्याजवळ राहता यावं म्हणून तिने हे सगळं केलं, चोरून गेली, गाणी शिकली, माझे टोमणे ऐकले. आणि ते सोडलं कोणासाठी, तर ज्याने तिला इथे तुझ्याजवळ राहू दिलं नाही त्याच्यासाठी. असा व्यवहार मी कुठल्या पक्षकाराला करू दिला नसता. त्याला हाताला धरून टपरीबाहेर काढला असता.

तुमच्यात याला कृपा म्हणतात ना? न मागता मिळते, लायकी नसताना मिळते. त्यावर तुम्ही टाळ्या वाजवून गाणी म्हणता. मला गाणं बिणं काही सुचत नाही. दुपारचं ताट मी तसंच झाकून ठेवलं. ज्याला मिळते त्याला ती इतकी जड जाते, हे तुमच्या पुस्तकात कुठे लिहिलंय ते मला दाखव.

आता ऐक. तोंडी हक्कसोड कायद्यात टिकत नाही. नोंदणी झालेली नाही, साक्षीदारांच्या सह्या नाहीत. म्हणजे अजून फिरवता येतं. तू ये. नीलेशलाही घेऊन ये, त्याला तारणावरून जे बोललो ते मी त्याच्यासमोर बसून परत घेतो. रजा खरंच नसेल तर मी तुझ्या हॉस्पिटलच्या मेट्रनला अर्ज लिहून देतो, माझे अर्ज सहसा फेटाळले जात नाहीत. ये आणि आईला परत नदीवर ने. तिला सांग की बाबांचा विचार करू नकोस, ते एकटे राहू शकतात, त्यांना काही होत नाही.

मी आज तिला हेच सांगून पाहिलं. ती म्हणाली, बरं, आणि माझ्या ताटात भाजी वाढली. मी सांगतो तेव्हा तिला माझं तोंड दिसतं, म्हणून पटत नाही. तू सांगितलंस तर पटेल. तुला खोटं बोलावं लागेल, मला कळतं. त्याबद्दल तुझ्या देवाची जी काय माफी मागायची असेल, ती मी मागतो.

बाबा